समोरची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. मित्रांनो, खुर्ची म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर जी येते, ती मी नाही. ती उंच पाठीची, जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात, ती टेबलापलीकडे असते. मी तिच्या समोरची, भेटायला येणाऱ्यांची.

आम्हा दोघींना एकाच सुताराने घडवलं. तेव्हा थोरले साहेब नुकतेच सरकारचे प्रमुख झाले होते. सुतार म्हणाला, "साहेब, तुमची चार बोटं उंच करतो. तशीच पद्धत आहे."

"दोन्ही सारख्या करा," साहेब म्हणाले. "मान वर करून बोलावं लागलं की माणूस निम्मं गिळतो."

सुताराला ते पटलं नसावं, पण माप त्याने सारखं घेतलं.

साहेबांची आणखी एक खोड होती. निर्णय अवघड असला की ते उठायचे, टेबलाला वळसा घालून माझ्यावर येऊन बसायचे आणि समोरच्या माणसाला आपल्या जागी बसवायचे. "आता तिथून सांगा, काय करू?" दारातून तावातावाने आलेले भलेभले तिथे बसल्यावर पाणी मागायचे. मला मोठी गंमत वाटायची. पण एक दिवस असा आला की मलाही धडकी भरली.

नऊ दिवस पावसाने उसंत दिली नव्हती. सकाळी दहाच्या सुमारास धरणावरची अभियंता बाई आली. नखशिखांत भिजलेली. तिने टेबलावर दोन बाटल्या ठेवल्या.

"ही परवाची, ही आजची. धरणाच्या पायथ्याशी पाणी झिरपतंच, साहेब. नितळ असतं तोवर काळजी नसते. आज गढूळ येतंय. भिंतीच्या पोटातली माती वाहून चाललीय."

"किती वेळ आहे?"

"सांगता येत नाही. दोन दिवस असतील, नाहीतर आजची संध्याकाळ. भिंत गेली तर खालचं अख्खं शहर जाईल. सगळे दरवाजे उघडून धरण रिकामं करायला हवं. पण मग नदीकाठची सात गावं बुडतील. माणसं आधी हलवावी लागतील."

तिने गावांची नावं घेतली. तिसऱ्या नावाला साहेबांनी डोळे मिटले. तिथे त्यांची थोरली बहीण राहत होती. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं होतं.

सचिव पुढे झाले. "साहेब, निवडणूक अकरा दिवसांवर आली आहे. गावं बुडवली आणि धरणाला काहीच झालं नाही, तर लोक आपल्याला सोडतील का? आधी समिती नेमू."

"झिरपणारं पाणी वाढतंय, असं पत्र मी तीन आठवड्यांपूर्वीच पाठवलं होतं," बाई म्हणाली.

साहेबांनी सचिवांकडे पाहिलं. सचिव चाचरत म्हणाले, "तुम्हीच म्हणाला होता ना, धरणाबद्दलची रडगाणी माझ्यापर्यंत आणू नका."

"हो. म्हणालो होतो." ते धरण साहेबांनीच बांधून घेतलं होतं, आणि त्याबद्दल कुणी वावगं बोललेलं त्यांना खपत नसे. इतका शहाणा माणूस, पण तिथे चुकला. मी त्यांची लाडकी असले तरी हे लपवणार नाही.

साहेब उठले आणि माझ्यावर येऊन बसले. बाई मोठ्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकली.

"बोला."

"माझं चुकलं तर, साहेब?"

"तर माझं चुकलं. तुम्ही फक्त खरं सांगा."

साहेबांनी माझ्या दांड्या घट्ट आवळल्या. बाहेर ते कुणाला दिसलं नाही, पण मला कळलं.

"दरवाजे उघडा," ती म्हणाली.

सचिवांनी हुकूम लिहून आणला. त्याची सुरुवात होती, 'अभियंत्यांच्या सांगण्यावरून.' साहेबांनी ते खोडून 'माझ्या जबाबदारीवर' असं लिहिलं.

"साहेब, ती ओळ उद्या तुम्हाला वाचवील."

"आणि परवा कुणी बाटली घेऊन इथे यायचं नाही."

"निदान ताईंसाठी वेगळी गाडी पाठवू?"

"सगळ्या गावांना गाड्या निघताहेत. ती तिच्या गावच्या गाडीत बसेल."

तीन वाजता दरवाजे उघडायचं ठरलं. एकेका गावाचा फोन येऊ लागला. तीन वाजेपर्यंत सहा गावं रिकामी झाली. सातव्याचा पत्ता नव्हता, आणि ते होतं ताईंचं. माझा जीव टांगणीला लागला.

"किती थांबता येईल?" साहेबांनी बाईंना विचारलं.

"वीस मिनिटं. त्यापुढे मी हो म्हणणार नाही."

साहेबांनी फोन जवळ ओढला. अठराव्या मिनिटाला फोन वाजला. गाव रिकामं झालं होतं. एक म्हातारी घरोघरी जाऊन कुणी मागे राहिलं नाही ना, ते बघत होती, म्हणून उशीर झाला. साहेबांनी फोन ठेवला आणि रुमालात तोंड लपवलं.

दरवाजे उघडले. सात गावं बुडाली, माणूस एकही गेला नाही, आणि धरण टिकलं. पण न आलेलं संकट कुणाला दाखवता येत नाही. लोक चिडले. त्यात साहेबांनी त्या न वाचलेल्या पत्राची गोष्ट स्वतःच जाहीर सांगितली. सचिवांनी कपाळावर हात मारला.

चौथ्या दिवशी ताई आली. चिखलाच्या पायांनी माझ्यावर बसली. "घर पुन्हा बांधीन मी," ती म्हणाली. "पण ते पत्र वेळेवर वाचलं असतंस, तर पाणी हळूहळू सोडता आलं असतं. आईची भांडी तरी राहिली असती रे." "माझंच चुकलं, ताई," साहेब म्हणाले. मलाही त्या वेळी फार वाईट वाटलं.

साहेब निवडणूक हरले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर पुष्कळ साहेब आले. त्यांच्यातल्या एकाने सुतार बोलावून माझे पाय चार बोटं कापून घेतले. आता माझ्यावर बसणारा मान वर करून बोलतो आणि निम्मं गिळून परत जातो.

परवा तीच अभियंता बाई आली होती. केस पांढरे झालेत. तिने टेबलावर बाटली ठेवली आणि बोलू लागली. "ठेवून जा, बघू," नवे साहेब जागचे न हलता म्हणाले. उठताना तिने वाकून माझ्या कापलेल्या पायाकडे पाहिलं, आणि निघून गेली.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी त्या मोठ्या खुर्चीत बसेल. माझे पाय मला परत मिळणार नाहीत, त्याचं राहू द्या. पण टेबलाला वळसा घालून एकदा माझ्यावर येऊन बसा. लवकर या. ती बाटली अजून तिथेच आहे, आणि तिच्यातलं पाणी नितळ आहे की गढूळ, ते मला इतक्या खालून दिसत नाही.