वारणेतले भोकाचे पैसे

२००५ च्या महापुरानं वारणेचा काठ असा खाल्ला, की आमच्या गावातून नदीकडं जाणारा रस्ता मधेच तुटून गेला. सगळं गाव हळहळत होतं आणि आमचे हे मात्र खूश! "ललिता, जुनी माती उघडी पडलीया. खाली काय काय असंल, बघ की!"

ह्यांचं नाव प्रसेनजीत. धंदा विहिरीवरच्या जळक्या मोटारी रिवाइंड करायचा, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायचा, आणि डोकं भलतीकडंच. मोटारीची तांब्याची तार ताटाएवढी गुंडाळून प्लास्टिकच्या पायपाला बांधली, वर जुना रेडिओ लटकवला, की झालं धातू शोधायचं यंत्र तयार. खाली लोखंड, पितळ काहीही असलं, की रेडिओ कुईकुई करायचा. मग हे गुडघ्यावर बसून माती उकरायचे. घरात बैलांच्या पायातल्या पत्र्या, गाडीचे खिळे, बिनकिल्लीची कुलपं यांचा ढीग लागला. पत्र्या वाकवून त्यांनी न्हाणीत टॉवेल अडकवायला हूक केले. पाहुणे आले की पहिल्यांदा न्हाणी दाखवायचे. मी कपाळावर हात मारायची.

त्या दिवसांत माझं डोकं मुळातच फिरलेलं होतं. मी गावच्या हायस्कुलात पी.टी. शिकवायची. मुलींचं लेझीम पथक मी पहिल्यांदाच उभं केलं होतं, डिसेंबरात तालुक्याच्या स्पर्धेत उतरायचं होतं, आणि पुराचं पाणी नेमकं मुलींची लेझमं ठेवलेल्या खोलीत शिरलं. मुलांची लेझमं तालमीच्या माळ्यावर, कोरडी ठणठणीत! आमचे दांडे वाळवून वापरता आले, साखळ्या रॉकेलमध्ये बुडवून साफ झाल्या, पण चकत्या गंजून हातात पापडासारख्या मोडल्या. आता चकत्यांशिवाय लेझीम वाजणार कसं? हेडमास्तर म्हणाले, "बाई, यंदा आधी बाकं. मुलींचं पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी! निम्म्या मुलींची तोवर लग्नं ठरतील, हे त्यांना ठाऊक नव्हतं होय?

एका रविवारी जेवायची वेळ टळून गेली तरी हे घरी येईनात. मी तणतणत नदीवर गेले. काठ ढासळून खालचे जुने गोटे उघडे पडले होते आणि त्यांच्या मधोमध उभे राहून हे नाचत होते. अक्षरशः नाचत होते!

"लली, रेडिओ गप्पच बसंना! पाय ठेवंल तिथं ओरडतोय!"

ओंजळीत तांब्याचे पैसे होते. इंग्रजांच्या शेवटच्या काळातले, मधोमध भोक असलेले. पूल व्हायच्या आधी माणसं इथूनच पायी नदी पार करायची आणि पार करताना पाण्यात पैसा टाकायची. आमच्या घरात ती पद्धत नाही. पण मीही पदर खोचला आणि बसले उकरायला. एक सापडला की दुसरा, त्याखाली तिसरा. जेवण कुणाला आठवतंय! हातातल्या पैशाचा चिखल पुसला, भोकातून नदी दिसली, आणि मी किंचाळलेच, "अहो, तार द्या! तार!"

पैसे लेझमाच्या चकत्यांसारखे तारेत ओवले आणि हलवले. छन्न! काय आवाज होता!

"ठेवा ते खाली," मागून आवाज आला. श्रुतीची आजी, बायडाबाई. श्रुती म्हणजे माझ्या पथकाची म्होरकी. "नदीला दिल्याला पैसा माघारी घेत न्हाईत, बाई. असल्या पैशाला माझी नात हात लावायची न्हाय."

दुसऱ्या दिवशी सरावाला श्रुती आली नाही. तिचं बघून बाकीच्याही येईनात. पैसे घासून लखलखीत करून ठेवलेले आणि मैदान रिकामं. मला रडूच आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. पैशांची पाटी उचलली आणि थेट बायडाबाईच्या घरी, पुढच्या सोप्यात नेऊन ओतली.

"घ्या. तुमच्या नदीचे आहेत ना? तुमच्या हातानंच टाका परत."

म्हातारी पैशांपाशी आली. खाली बसली. एक पैसा उचलला, बोटानं त्याचं भोक चाचपलं.

"नव्या नवऱ्या टाकायच्या ह्ये," ती म्हणाली. "सासरी येताना. म्या बी टाकलाय. परकरात हुतो तवा."

"काय मागितलंत?"

"आईकडं माघारी ने म्हटलं. दुसरं काय मागणार? समद्याच त्येच मागत असतील. बोलून दाखवतंय कोण!"

दारात श्रुती उभी राहून ऐकत होती.

बायडाबाईनं पैसा पाटीत टाकला. मग दुसरा. मग दोन्ही हातांनी भराभरा भरायलाच लागली.

"नदीनं काम केलं न्हाय," ती तावातावानं म्हणाली. "न केल्याल्या कामाचा पैसा ती ठिवून घेती कशाला? उचला, बाई. आणि श्रुते, तू काय बघत हुबी ऱ्हायलीस? बाकीच्या पोरींस्नी हाका मार जा!"

दोन संध्याकाळींत ह्यांचं मोटारीचं दुकान लेझमांनी भरून गेलं. हे तारेच्या कड्या वळत होते, मुली पैसे ओवत होत्या, आणि एकेक लेझीम तयार झालं की सगळ्या मिळून ओरडत होत्या. मी ओरडू नका म्हणून सांगत होते आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते.

मैदानात पहिला ठोका पडला तेव्हा मुलींचे चेहरे बघायला हवे होते. आवाज चकत्यांपेक्षा जड, भरलेला. हेडमास्तर खोलीतून बाहेर आले आणि स्पर्धेला मुलींचंही नाव कळवतो म्हणाले. श्रुती मात्र बिचकत होती. आजी कुंपणापाशी येऊन उभी होती ना! लेझीम जेमतेम हलवत होती पोरगी.

"ए श्रुते!" बायडाबाई कुंपणावरून ओरडली. "हळू का वाजीवतीस? माझा पैसा हाय त्यात! जोरात वाजीव, माझ्या माहेरापर्यंत जाऊ दे!"