शेवटचं पाणी

मी बोलतेय ती एके काळची चादर. आता माझी फडकी झालीत, आणि त्यातलं हे एक बाथरूममध्ये बादलीच्या काठावर वाळत पडलंय.

या घरातल्या आईने मला पसंत केलं. दुकानदार रंग दाखवत होता, ती मात्र माझं टोक चिमटीत धरून चोळून बघत होती. कापड डोळ्यांना नाही, बोटांना कळतं असं तिचं ठाम मत होतं.

कपडे ती हाताने धुवायची. साबण बेताचा, पाणी सढळ. मुलगा शाळेत होता तेव्हा खळबळायला तिच्या मदतीला बसायचा आणि पहिल्याच पाण्यात कंटाळायचा.

"झालं की, आई."

"काय झालं? बादलीत बघ. तळ दिसतोय?"

"नाही."

"मग अजून एक पाणी. शेवटच्या पाण्यात तळ दिसला पाहिजे."

त्यानंतरही ती माझं टोक चिमटीत चोळायची. बुळबुळीत लागलं की मला परत बादलीत ढकलायची. मी मनातल्या मनात वैतागायचे, पण त्या हातांनीच मला मऊ केलं.

पुढे मुलाचं लग्न झालं, घरात मशीन आलं. आणि एका सकाळी आईचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. उरला फक्त डावा हात. सगळ्यात मऊ म्हणून मला तिच्या अंगाखाली घातलं.

"चादरी मी धुते," सून म्हणाली.

"नको. आईचं आहे, मीच करणार."

त्याचा जीव होता आईवर, यात मला शंका नाही. पण सकाळी कामावर जायची घाई, आणि चादरी तर रोज भिजायच्या. तो मशीन ठासून भरायचा आणि लवकर उरकणारं बटण दाबायचा. भेटायला येणाऱ्यांनी नाक मुरडू नये म्हणून पावडरीचं माप बाजूला ठेवून मूठच ओतायचा, वर सुगंधी द्रव. इतक्या गर्दीत पाणी माझ्यापर्यंत पोचणार कसं? मी वाळायचे ती पापडासारखी कडक होऊन. वास मात्र असा घमघमाट की विचारू नका.

"बघ आई, कशी स्वच्छ निघालीय," असं म्हणत तो मला अंथरायचा.

घामाने मी ओलसर झाले की माझ्यातली पावडर सुटायची आणि तिच्या पाठीला लागायची. पाठ लाल झाली, मग पुरळ आलं, मग कातडी सोलवटली. डॉक्टर आले. "पडून पडून होतं असं. कूस बदलत राहा आणि स्वच्छता ठेवा," म्हणाले. मुलाने स्वच्छतेचं फारच मनावर घेतलं. एका मुठीच्या दोन मुठी झाल्या.

आणि आई सांगत होती. डाव्या हाताच्या चिमटीत माझं टोक धरायची, चोळायची, आणि मला दूर ढकलायची. मुलाकडे बघायची. पुन्हा धरायची, चोळायची, ढकलायची.

"आईंना उकडतंय का?" सुनेने विचारलं.

"पंखा वाढव जरा. आई, हा काय चाळा लावून घेतलायस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्याने माझ्याच कडेने पुसलं.

मग ती पाठ खाजवू लागली, रक्त येईपर्यंत. तेव्हा त्याने आपला एक मऊ मोजा तिच्या त्या हातावर चढवला आणि मनगटाशी सैलसर नाडी बांधली. "तुझ्याच भल्यासाठी गं," तो म्हणाला. मोजाही त्याच पावडरीत धुतलेला होता. वाचा गेली तेव्हा आई मुकी झाली नव्हती. त्या दिवशी झाली.

थंडी सरता सरता दुसरा झटका आला आणि ती गेली. पावडरीने तिचा जीव घेतला असं मी म्हणणार नाही. पण शेवटचे महिने ती निखाऱ्यांवर निजली होती, आणि ते निखारे रोज मायेने अंथरले जात होते.

सुनेने मला फाडून फडकी केली. एका रविवारी आईची खाट पुसायला मुलाने बादलीत साधं पाणी घेतलं आणि मला बुडवलं. फेस वर आला. बादली खराब असेल म्हणून त्याने ती घासून पुन्हा भरली, मला पुन्हा बुडवलं. पाणी दुधासारखं पांढरं.

"पावडर टाकलीस का रे?" सुनेने विचारलं.

"नाही."

त्याने अजून एक पाणी घेतलं, मग अजून एक. तळ काही दिसेना. त्याने माझं टोक चिमटीत धरलं आणि चोळलं. चोळता चोळता त्याची नजर आपल्या बोटांवर गेली आणि तिथेच खिळली.

"काय झालं?"

"ती सांगत होती," तो म्हणाला.

तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं असेल, तर पावडर थोडी घाला, मशीन ठासू नका, आणि एक पाणी जास्त काढा. आणि त्या माणसाचा हात काही करत असेल तर त्याला चाळा म्हणण्याआधी जरा थांबा.

माझ्याने आता कुणी काही पुसत नाही. येता-जाता तो मला उचलतो, स्वच्छ पाण्यात खळबळतो, वाकून बादलीत बघतो, पाणी ओतून देतो आणि नवं भरतो. माझे धागे विरत चाललेत. त्याच्यापुढे मला एकदाच वाचा फुटली तर एवढंच म्हणेन: दिसतोय रे तळ, केव्हाचा दिसतोय. आता पुरे कर.