फार जुना शब्द

"एम, ओ, एन, जी," चहाचा कप पुढ्यात ठेवत मी म्हटलं. "अशी लागोपाठ आली पाहिजेत. अहो, करा सुरुवात."

सदाशिव पेठेत लोक सकाळी देवाचं नाव घेतात, आमच्याकडे इंग्रजी शब्द. यांनी जन्मभर एका छापखान्यात इंग्रजी पुस्तकांची मुद्रितं तपासली. लग्न झाल्यापासूनचा खेळ आहे हा. चार अक्षरं ठरवायची, ती ज्यांत येतात असे शब्द आळीपाळीनं सांगायचे. जितका जुनापुराणा, तितकी शाबासकी. मध्येच एखादा खोटा घुसडायची मुभा, पण पकडला गेला तर कपबशा विसळायच्या. आजवर त्या मीच विसळत आले. माझी थाप यांच्यापुढे कधी पचलीच नाही.

परवा हे दूध आणायला गेले आणि पेरूगेटापाशी नुसतेच उभे राहिले. शेजारच्या तनुजानं हाताला धरून घरी आणलं. काल रात्री वाघोलीहून आमच्या शेफालीचा फोन आला. "आई, डॉक्टरांना दाखवू या ना. किती टाळणारेस?"

"काही झालेलं नाही त्यांना," मी ठणकावलं. "डोकं बिघडलेल्या माणसाला असले शब्द आठवतात होय? सकाळी खेळून बघते, मग सांगते तुला."

"माँगूस," चहाचा घोट घेत हे म्हणाले. "आपलंच मुंगूस. इंग्रजांनी आपल्याकडूनच नेलं."

माझा जीव भांड्यात पडला. मी 'मंग्रल' म्हटलं, गावठी कुत्रं. यांनी 'फेलमंगर' काढला, कातडी विकणारा. वा! शेफालीला आता चांगली सुनावते, म्हटलं. आणि उत्साहात थाप मारली, "क्विलमंगर. पिसं विकणारा."

"बरोबर."

मी वाट पाहिली. एरवी भुवई उडायची, 'पद्मजाबाई, इंग्रजीवर दया करा' असं काहीतरी यायचं. हे चहात बिस्कीट बुडवत होते.

"थालीपीठमंगर," मी म्हटलं. शेंबडं पोरही हसलं असतं यावर.

यांनी गंभीरपणे मान हलवली. "थालीपिठं विकणारा. जुना शब्द आहे. फार जुना."

सकाळच्या उन्हात, स्वतःच्या घरात, मला या माणसाची भीती वाटली. काहीतरी खरं, घट्ट हाताशी हवं म्हणून मी म्हटलं, "कॉस्टरमंगर." नव्या नवरीला मंडईत नेऊन, फळांच्या हातगाडीवाल्याकडे बोट दाखवून यांनीच शिकवलेला पहिला शब्द.

यांनी टेबलावर थाप मारली. "पकडलं! असला शब्दच नाही! अगं, फसवायचं तर जरा बुद्धी तरी वापर."

किती खूश झाले होते!

"हो," मी म्हटलं. "पकडलंत मला."

आत जाऊन शेफालीला फोन लावला. "डॉक्टरांची वेळ घे," एवढंच बोलता आलं. ती काही विचारत होती, पण बाहेरून यांची हाक आली.

"पद्मजा, पुढची अक्षरं सांग. आज माझा हात धरणारं कोणी नाही."