उत्तर स्टँडचं कापड

म्हाताऱ्याला, म्हणजे आमच्या फुटबॉल संघाच्या प्रशिक्षकाला, क्लबने मंगळवारी काढलं आणि रविवारी दुपारी आमच्या दुकानात त्याची चिरफाड सुरू झाली.

दुकान पडद्यांचं. कापायचं टेबल लांबलचक आहे, म्हणून मैदानाच्या उत्तर स्टँडवर बसणाऱ्या आम्हा पाठीराख्यांच्या मंडळाच्या बैठका तिथेच होतात. मंडळ म्हणजे माझे दाजी, जे बस चालवतात आणि स्वतःला अध्यक्ष म्हणवतात. गणिताचे एक मास्तर. आणि बेकरीवाला, जो ज्याची बाजू वरचढ त्याची री ओढतो. आणि मी. हे सगळे बोलतात, मी शिवते.

"रेकॉर्ड बघा ना त्याचा," मास्तर म्हणाले. "शेजारच्या शहराला एकदा तरी हरवलं का? चषक जिंकला तोही पेनल्टीवर. समोरच्या संघातल्या पोराचा पाय घसरला म्हणून."

"घसरला तर घसरला. चषक आपल्याच कपाटात आहे ना?" मी म्हणाले.

"आणि घरच्या मैदानावर? बरोबरी, बरोबरी, पुन्हा बरोबरी. लोक तिकीट काढून झोपायला यायला लागले होते."

"तो आला तेव्हा आपण खालच्या विभागात जायच्या बेतात होतो," मी म्हणाले. "तेव्हा सगळ्यांची झोप उडाली होती. ती कुणी परत आणून दिली?"

"हे मात्र खरं," बेकरीवाला म्हणाला. मास्तरांनी डोळे वटारले, तेव्हा म्हणाला, "पण मास्तरांचंही खोटं नाही."

दाजींनी टेबलावर हात आपटला. माझा खडू उडून खाली पडला. "झालं ते झालं. त्याच्या जागी इस्त्री येतोय. पक्की बातमी आहे."

इस्त्री हे नाव आमच्याच स्टँडने ठेवलेलं. धो धो पावसातही या माणसाच्या सुटावर सुरकुती पडत नाही. मागच्या क्लबला त्याने वर आणलं हे मीही मान्य करते. पण तिथे पाऊल टाकल्या टाकल्या त्याने पहिलं काम काय केलं, तर मुलींचा संघ बंद केला. लक्ष विचलित होतं म्हणे. कुणाचं होतं ते काही त्याने सांगितलं नाही.

आमच्या मुलींचा संघ म्हाताऱ्याने सुरू केला. संचालक नाकं मुरडत होते, तरी त्याने मुलींना मुख्य मैदानावर सरावाला उतरवलं. माझी लेक त्या संघाची गोलकीपर आहे. मैदानात तिला भिंत म्हणतात. शाळेत मान खाली घालून जायची ती पोरगी, आता आपल्यापेक्षा डोकंभर उंच बचावपटूंवर खेकसते. संघ बंद झाला तर तिला खेळायला या गावात दुसरी जागा नाही. माझ्या लेखी म्हाताऱ्याचा रेकॉर्ड एवढाच आणि तो मला पुरेसा आहे.

"स्वागताला स्टँडवर डोक्यावर धरायचं कापड हवं," दाजी म्हणाले. "शनिवारच्या सामन्याला. लिही, 'या साहेब, गाडी रुळावर आणा.'"

"गाडी रुळावरून उतरली होती हे कुणी सांगितलं?"

"अगं, तू नुसतं शीव ना."

"दाजी, स्पष्ट सांगते. मुलींच्या संघाचं काय ते त्याला तुम्ही विचारणार असाल तर शिवते."

"पहिल्याच दिवशी त्याला कशाला धारेवर धरायचं? जम बसू दे. मग बघू."

"'मग बघू' म्हणजे कधीच नाही, हे मला कळतं. कापड हवं असेल तर मी माझ्या मनाचं शिवीन. नको असेल तर छापून आणा."

तिघंही हसले. दर हंगामात मी एकदा तरी रुसते आणि शेवटी शिवते, ही त्यांच्या दृष्टीने ठरलेली गोष्ट. छापून आणायचं तर कुणाच्या मनातही येत नाही, कारण सगळ्या क्लबांत हाताने शिवलेलं कापड फक्त आमच्या स्टँडचं असतं आणि त्याचा माज आम्हाला भरपूर आहे. शिवाय सामना सुरू होण्याआधी कापड उलगडून बघायचं नाही, असा आमचा दंडक. एका वर्षी हौसेने आधी अंथरून बघितलं आणि त्याच दिवशी सपाटून मार खाल्ला. तेव्हापासून दुकानातून बाहेर पडते ती नुसती वळकटी. शिवणारीशिवाय कुणाला काही दिसत नाही आणि धरणारे तर कापडाच्या खालीच असतात. एवढी शहाणी माणसं, पण आपल्याच डोक्यावर काय लिहिलंय हे त्यांना कायम सर्वांत शेवटी कळतं.

आठवडाभर मी आणि लेक अक्षरं कापत बसलो. "आई, काकांना काय वाटेल?" तिने विचारलं.

"मी तोंडावर सांगितलंय त्यांना. ऐकलं नाही हा त्यांचा दोष. तू तो 'घ' सरळ धर."

शनिवारी आम्ही दोघींनी समोरच्या, दक्षिण स्टँडची तिकिटं काढली. आपलं काम एकदा तरी समोरून बघावं, अशी माझी जुनी इच्छा होती. संघ मैदानात आले, इस्त्री कडेला येऊन उभा राहिला आणि उत्तर स्टँडवर कापड वर चढलं. हातभर उंचीची लाल अक्षरं, शेवटच्या रांगेतूनही वाचता येतील अशी.

"साहेब, आमचे संघ दोन आहेत."

आमच्या भोवतीची माणसं माना लांब करून वाचायला लागली. मग कुठूनतरी एक टाळी आली, तिच्यामागून दुसरी आणि मग अख्खं दक्षिण स्टँड टाळ्या वाजवायला लागलं. कापडाखाली दाजींना वाटलं, रुळावरच्या गाडीला टाळ्या पडताहेत. ते कोपरा आणखी उंच धरून नाचवायला लागले. तेवढ्यात टीव्ही बघत बसलेल्या ताईने घरून त्यांना फोन करून कापडावर काय लिहिलंय ते सांगितलं.

काय झालं ते आम्हाला समोरून दिसलं. दाजींचा कोपरा खाली आला. 'आहेत' दुमडलं, 'दोन' लोंबायला लागलं. लेकीने माझं मनगट घट्ट धरलं.

आणि तो कोपरा पुन्हा वर गेला, आधीपेक्षाही ताठ.

नंतर बेकरीवाल्याने सगळं सांगितलं. दाजी ओरडले, "फसवलं हिने! खाली घ्या!" तेव्हा मास्तरांनी गर्दीतून वाट काढत तो कोपरा त्यांच्या हातातून घेतला. म्हणाले, "म्हाताऱ्याचा रेकॉर्ड वाईटच होता, मी माझं मत बदलणार नाही. पण आपले संघ दोनच आहेत. मोजून बघा." दाजी आधी रागाने लालबुंद झाले, आणि मग त्यांनीही मास्तरांच्या हाताशेजारी हात लावला. बेकरीवाला अर्थातच दोघांच्या बाजूने होता.

इस्त्रीने मान वर केली. त्याने हात हलवला नाही, टाळी वाजवली नाही, त्याच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नाही. पण त्याने वाचलं. भर मैदानात, कॅमेरे रोखलेले असताना, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. आता बंद करायचा असेल मुलींचा संघ तर खुशाल कर म्हणावं. पण बंद खोलीत गुपचूप सही करून हात झटकणं आता जमायचं नाही. आमच्या डोळ्यांदेखत करावं लागेल आणि आम्ही काही इथून हलत नाही.

मी कधी उभी राहिले होते कोण जाणे. लेक माझा पदर ओढत होती. "आई, बस ना खाली. मागच्यांना दिसत नाहीये."

"मग त्यांनाही उभं राहू दे," मी म्हणाले.