माझा एकच खरा कान

मित्रांनो, तेगेआ गावच्या चौकात उभा असलेला मी एक जुना काशाचा पुतळा आहे. माझे खांदे रुंद, नाक सरळ आणि पोट सपाट आहे. पण यातले खरे किती, ते आज सांगून टाकतो.

आमच्या थेरॉन पैलवानाने ऑलिम्पियाच्या खेळांत कुस्ती मारली, म्हणून गावाने त्याचा पुतळा घडवायला दिला. थेरॉन भला माणूस, पण एका बैठकीत जवाच्या दहा भाकऱ्या उडवणारा. शिल्पकार दामोफिलोस मापाच्या दोरीचा भक्त होता. बोटावरून तळवा, तळव्यावरून हात आणि हातावरून सारा देह, अशी त्याची रीत. तिच्यात ढेरीला जागाच नव्हती. थेरॉन बिचारा पोट आत ओढून दोन महिने उभा राहिला. दामोफिलोस पाहत होता तो दोरीकडेच.

मला चौकात आणले, तेव्हा लोक वाहवा करू लागले. थेरॉनला मात्र धडकी भरली होती. त्याची आई मिर्तो डोळ्यांनी अधू झाली होती आणि लेकाने जिंकलेला ऑलिव्हच्या पानांचा मुकुट ती स्वतः मला घालणार होती. आईने ओळखलेच नाही तर?

म्हातारीने आधी माझे पोट चाचपले.

"अगं बाई! हा कुणाचा रे? ह्याला घरी जेवायला घालत नाहीत का?"

"आई, मीच आहे तो," थेरॉन पुटपुटला.

"गप बस. तुझं पोट मी भरलंय, मला शिकवू नकोस!"

"आजी, आदर्श देह असाच असतो. देवांचासुद्धा," दामोफिलोस म्हणाला.

"मग देवांच्या आयांना बोलाव मुकुट घालायला!"

सारा चौक खो खो हसला. मुकुट घेऊन ती घरी गेली आणि एवढा मोठा पैलवान माझ्या पायाशी बसून रडला. मलाही फार वाईट वाटले.

दामोफिलोस हट्टी होता, पण दगड नव्हता. पोटाला त्याने हात लावला नाही. माझा डावा कान मात्र कापला आणि कुस्त्यांत चेचून गोळा झालेला थेरॉनचा कान मेणात उतरवून, काशात ओतून तिथे बसवला.

मिर्तो पुन्हा आली. थेरॉनने तिला उचलून धरले. तिची बोटे माझ्या कानाशी येऊन थांबली.

"हा माझा," ती म्हणाली. तिने मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला आणि माझा गाल कुरवाळला. "पण किती वाळलास रे बाळा!"

आता ती दोघेही नाहीत. येणारेजाणारे मला पाहून आपापली पोटे आत ओढतात. मित्रांनो, तसे करू नका, पोटभर जेवा. आणि मला पुसायला याल तेव्हा पोट हवे तेवढे घासा, पण डाव्या कानाला हळूच हात लावा. तेवढाच मी थेरॉन आहे.