गिटारीची ओटी

"ये किसका है?" मशीनच्या पलीकडे उभ्या असलेल्या वर्दीतल्या जवानाने विचारलं, तेव्हा काकासाहेब नरवडे यांनी शाळेत करतात तसा हात वर केला. दुसऱ्या हाताने पँट धरलेली होती, कारण पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवायला लावला होता. टोपीही ट्रेमध्येच होती. चिकलठाण्याच्या विमानतळावर माणूस आत शिरतो तो थोडा थोडा कमी होत, अशी त्यांची एव्हाना समजूत झाली होती.

"इस गिटार के अंदर क्या है?"

"आत काय असणार साहेब? वाद्य हाये. आतून पोकळच आसतं."

"खाली नहीं है. ये देखिए."

पडद्यावर गिटार नारिंगी दिसत होती. तिच्या पोटात बारीक कण, दोन-चार गाठी आणि काही चपटे तुकडे होते. दवाखान्यात दाखवतात तसं चित्र होतं, फक्त कोणी काळजी करू नका म्हणालं नाही. जवानाने गिटार उचलून हलवली. ती खुळखुळली. रांगेत मागे कोणीतरी हसलं.

काकासाहेबांना हसू आलं नाही. आदल्या संध्याकाळी आवडाबाईने गिटार स्वैपाकघरात नेऊन दार लावून घेतलं होतं. पुसून देते, म्हणाली होती. बायको एखादी वस्तू दार लावून पुसते तेव्हा नवऱ्याने विचारायला हवं, हे त्यांना आत्ता, पट्ट्याशिवाय उभं असताना सुचलं.

काकासाहेब एसटीत कंडक्टर होते. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या सामानाचा निवाडा करण्यात घालवली. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी गाडीत कोंबड्या चढत, करडं चढत, पत्र्याच्या पेट्या चढत. एकदा तर एक नवरदेव लोखंडी पलंग घेऊन चढला होता. कशाचं तिकीट घ्यायचं, काय मांडीवर चालेल आणि काय टपावर जाईल, हे ते एका नजरेत सांगत आणि त्यावर अपील नसे. त्यामुळे आज सकाळी काउंटरवरची मुलगी "काका, हिला कडक पेटी नाही का? मग खाली सामानात फुटेल ही," असं म्हणाली, तेव्हा त्यांनी बरोबरीच्या नात्याने विचारलं होतं, "मंग टपावर नाय का टाकता येत?"

मुलगी हसली नाही. तिने थोडा विचार करून "आत घेऊन जा, वरच्या कप्प्यात बसली तर बसेल," असं सांगितलं. म्हणजे कारभार सगळीकडे सारखाच, असं वाटून काकासाहेबांना धीर आला होता. तो धीर मशीनपर्यंत टिकला.

गिटार कस्तुराची. एकुलती एक मुलगी. छावणीत शेजारी सॅम्युएल मास्तर राहायचे, चर्चमध्ये वाजवायचे. त्यांच्याकडे ती शिकली. काकासाहेब ड्यूटीवरून आले की ओट्यावर बसून ऐकायचे. त्यातलं त्यांना काही कळत नसे. दिवसभर इंजिन आणि घंटी ऐकलेल्या कानांना ते बरं वाटे, एवढंच. पाठवणीच्या दिवशी जीपला टेकवून ठेवलेली गिटार पाहून विहीणबाई म्हणाल्या होत्या, "हे राहू द्या इथंच. आमच्याकडं ठेवायला जागा नाही." बंगळुरात जावयाचा तीन खोल्यांचा फ्लॅट होता. जन्मभर लोकांच्या सामानाचा निवाडा केलेल्या माणसाने हा निवाडा मात्र हसत मान्य केला. "पुढच्या खेपंला बघू," ते म्हणाले. गिटार कपाटावर गेली, गोधडीत.

त्यानंतर दोन दिवाळ्या कस्तुरा माहेरी आली नाही. कंपनीत रजा नाही, म्हणायची. आणि गेल्या आठवड्यात अचानक फोन, "आप्पा, माझी गिटार घेऊन या. तुमचं तिकीट काढलंय. विमानाचं."

"सासूबाईंना इचारलं का?"

"तुम्ही या तर खरं."

आवडाबाईने याचा अर्थ फोन ठेवायच्या आत लावला होता. "वळलं बगा मन त्यांचं. जावईबापूच बोलले आसतील. म्या म्हणत नव्हते?" काकासाहेबांनीही तोच अर्थ घेतला. दुसरा एक अर्थ होता, पण त्याला हात लावावासा वाटत नव्हता. त्यांनी नवा शर्ट शिवला आणि एक वाक्य पाठ केलं. गिटार थेट विहीणबाईंच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, 'घ्या, तुमच्या सुनंची वस्तू.' आरशासमोर ते बरं वाजत होतं.

"अंकल, ये सूखा नारियल है," जवान म्हणाला. "ये नहीं जाएगा. ना ऊपर, ना नीचे. निकालिए सब."

"सगळं कसं काढता साहेब? वटी हाये ती."

"क्या है?"

"वटी. लग्न झालेली लेक घरून निघाली की मायनं तिची वटी भरायची आस्ती. लेक आली नाय, म्हून तिच्या वस्तूची भरली. आता ही सासरीच न्यायची. अशी वाटंत नाय वतत कुणी."

जवानाला मराठी येत नव्हतं. येत असतं तरी त्याच्या नियमांत ओटी नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यात फरशी पुसणारी बाई फडकं टाकून पुढं आली. साडीवर निळा कोट आणि कोटावर नावाची पट्टी, भागूबाई.

"साब, बेटी का वटी है इनके," तिने समजावलं. "चावल, हल्दी, सुपारी, खोबरा, ऐसा डालते हमारे में. इदर गिराया तो अच्छा नै होता ना."

"माताजी, मेरे को चावल से कुछ नहीं," जवान शांतपणे म्हणाला. माणूस वाईट नव्हता, त्याच्यामागे रांग होती. "नारियल निकलना चाहिए. जिसकी गिटार है उससे पूछ लो. नहीं तो गिटार छोड़ के जाओ." आणि तो पुढच्या बॅगेकडे वळला.

काकासाहेबांनी पट्टा बांधला, टोपी घातली, ट्रेमधला फोन घेतला आणि बाजूच्या बाकड्यावर गिटारीशेजारी बसले.

"कस्तू, इमानतळावर हाये मी. पर एक घोळ झालाय. तुझ्या मायनं गिटारीची वटी भरली."

"काय केलं?"

"वटी भरली. तारांमधनं आत सोडलं सगळं. तांदूळ, हळकुंड, सुपारी. खोबरं बी घातलंय तुकडे करून, अन् ते हे लोक नेऊ देत नायत. सगळं इथंच वता म्हणतात."

पलीकडे कस्तुरा मोठ्याने हसली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी ते हसणं ऐकलं. ते मधेच थांबलं.

"ओता मग."

"आगं, सवाष्णीची वटी हाये—"

"ओता, आप्पा. ओटी सासरी न्यायची असते ना? मी तिथं राहत नाही."

"कवापासून?"

"गणपतीपासून."

"अन् जावईबापू?"

"ते तिथंच आहेत."

गाडी आडरानात बंद पडली की प्रवासी कंडक्टरला जे जे विचारतात, ते सगळं काकासाहेबांच्या मनात आलं. काय झालं, आता किती वेळ, दुसरी गाडी येणार का. त्यांनी आवाज खाली आणला. "हात उचलत होता का गं?"

"हे असं फोनवर नका विचारू. तिथं बसून तर नकाच." मग, "एक खोली घेतलीय मी. लहान आहे. पण गिटार राहील."

"हे बग, मी येतो. आपण दोघं जाऊ त्यांच्याकडं. ही गिटार विहीणबाईच्या हातात देतो, दोन शब्द बोलतो. मोठी माणसं हायेत, आयकतील—"

"आप्पा."

"काय?"

"तसं करायला येत असाल तर येऊ नका. गिटार तिथंच विमानतळावर सोडा. मी दुसरी घेईन."

ती चिडून बोलली नव्हती. चिडली असती तर समजूत काढता आली असती. वरच्या कर्ण्यातून बंगळूरच्या विमानात बसायला घ्यायला सुरुवात झाल्याची सूचना झाली, आधी हिंदीत, मग इंग्रजीत. ती कस्तुरालाही ऐकू गेली असणार. काकासाहेबांनी तारांवरून उगाच हात फिरवला. त्या कधीच्याच सैल पडलेल्या होत्या.

"मायला काय सांगू?" त्यांनी विचारलं.

"तेच मी तुम्हाला विचारणार होते."

"बरं," काकासाहेब म्हणाले. "वततो."

ते उठून गिटार उपडी करू लागले, तेव्हा भागूबाई परत आली. "खाली नका वतू बाबा. पायात येईल." तिने कोटाखालून पदर ओढून दोन्ही हातांनी पसरला. मग जरा थांबून म्हणाली, "पर आधीच सांगते. मला मालक नाय, चार सालं झाली. चालत नसंल तर सांगा, मी डबा आणते."

सकाळी घरातून निघालेल्या काकासाहेबांना हे चालत नव्हतं. तेव्हा विचारलं असतं तर त्यांनी डबाच मागितला असता, आणि त्यात आपलं काही चुकतंय असंही त्यांना वाटलं नसतं.

"चालतंय," ते म्हणाले.

तांदूळ सुरसुरत पदरात पडले. मग सुपाऱ्या, खारका, खोबऱ्याचे तुकडे. हळकुंड तारांना आडवं अडकलं. भागूबाईने दोन बोटं घालून ते काढलं.

"पोरीचं नाव काय?"

"कस्तुरा."

"सुखी राहू दे माय," असं पदराकडे बघत पुटपुटून, पदराची गाठ मारून ती आपल्या फडक्याकडे गेली. जवानाने गिटार पुन्हा मशीनमधून काढली. या वेळी पडद्यावर ती रिकामी होती. "ठीक है अंकल," तो म्हणाला.

विमानातल्या मुलीने गिटार वरच्या कप्प्यात आडवी बसवली. काकासाहेब आपल्या जागेजवळ उभे राहून तिच्या हातांकडे बघत होते. कप्प्याचं झाकण लागल्यावरच ते बसले. शेजारच्या गृहस्थांना त्यामुळे स्वतःची बॅग पायाशी ठेवावी लागली होती.

"काका, ती गिटार तुमची? वाजवता की काय?"

"नाय. मुलीची हाये. ती वाजवती."

"अरे वा! बंगळूरला दिलीय का मुलगी?"

साधा प्रश्न होता. पाचोडपासून बंगळूरपर्यंत कोणीही विचारला असता, आणि 'व्हय' म्हटलं की मिटलं असतं. काकासाहेबांनी समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहिलं.

"दिली होती," ते म्हणाले. मग घसा साफ करून, जरा जास्तच स्पष्ट, "आता एकटी राहती. खोली घेतलीय तिनं."

"अच्छा," गृहस्थ म्हणाले, आणि समोरच्या खिशातली सुरक्षेची सूचनापत्रिका काढून फार लक्ष देऊन वाचू लागले.

विमान उठलं, कलंडलं, आणि शहर तिरकं झालं. आवडाबाई या वेळेला गच्चीवर असणार होती. कुठलं विमान, कुठं चाललंय, हे काही न बघता ती डोक्यावरचा पदर सावरत हात हलवणार होती. काकासाहेबांनी खिडकीला कपाळ टेकवून छावणी शोधली. पत्रे, पाण्याच्या काळ्या टाक्या, झाडं, सगळं सारखंच दिसत होतं. त्यातल्याच कुठल्यातरी गच्चीवर ती उभी होती, सासरी नांदणाऱ्या मुलीची आई.