ताप उतरल्यानंतरचं औषध

सभागृहातले दिवे मालवले आणि पडद्यावर शत्रू आला.

तो लांबट होता, पातळ होता, एका टोकाला शेपटी होती आणि स्वस्थ बसणं त्याला ठाऊक नव्हतं. असे शेकडो जण एकमेकांना ढुशा देत पोहत होते. मंचावर सूक्ष्मदर्शक, त्याला जोडलेला कॅमेरा, आणि कॅमेऱ्याशेजारी अर्कगुरू. कोट डॉक्टरांचा, दाढी ऋषींची. दोन्हीकडचं गिऱ्हाईक सांभाळायचं म्हटलं की एवढं करावंच लागतं.

"हा परजीवी तुमच्या प्लीहेत आहे," गुरू माईकमध्ये हळुवार म्हणाले. "तुम्ही इथे बसला आहात आणि तो आत जेवतोय."

माझ्या पुढच्या रांगेतल्या बाईंनी पोटावर हात ठेवला.

"मंडळी, रसायन मारतं, वनस्पती तारते. वनस्पती म्हणजे आई. आईच्या दुधाचा साइड इफेक्ट झाल्याचं कुणी ऐकलंय?"

कुणी ऐकलं नव्हतं. धोतरा आणि कण्हेर याही त्याच माहेरच्या मावश्या. पण त्यांचा विषय काढणं त्या वातावरणात बरं दिसलं नसतं.

मग गुरूंनी हिरव्या अर्काचा एक थेंब काचेवर सोडला. पडद्यावर हिरवट लाट आली. पोहणारे थबकले, आक्रसले आणि थांबले. एकही हलेना. सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्या वाजू लागल्या. माझ्या शेजारी उभा असलेला माझा धाकटा भाऊ रडत होता.

त्याला काळा आजार झाला होता. वाळूमाशी चावते, हा परजीवी अंगात शिरतो, ताप महिनोन्महिने मुक्काम करतो, प्लीहा फुगते, रक्त आटतं आणि उपचार झाले नाहीत तर माणूस जातो. धाकटा छापखान्यात यंत्र चालवायचा. आजारात इतका वाळला की त्याच्या बायकोने त्याच्या विजारींना आतून टाके घातले. इस्पितळात सलाइनमधून औषध सुरू झालं, निम्मं झालं आणि ताप उतरला. त्याच आठवड्यात तो अर्कगुरूंकडे गेला.

"दादा, इस्पितळात मला 'खिडकीची खाट' म्हणतात," तो घरी जाताना म्हणाला. "औषध चढलं की अंग कुडकुडतं. पांघरूण मागितलं तर नर्स म्हणते, थांबा. इथे गुरूंनी माझा हात धरला. बायको काय करते, झोप लागते का, सगळं विचारलं."

"हात धरला हे चांगलंच केलं. पण उरलेली सलाइनं?"

"बंद. दोन औषधं एका अंगात भांडतात, असं गुरू म्हणतात."

"तू इस्पितळात विचारलंस?"

"तिथे विचारायला कुणाला वेळ आहे?"

तिथे खरंच कुणाला वेळ नव्हता, आणि गुरूंचा सगळा धंदा त्याच रिकाम्या जागेवर उभा होता.

गुरूंकडे आणखी एक नियम होता. सभागृहाच्या दारात एक बाई थर्मामीटर घेऊन बसायची. ताप असलेल्याला आत प्रवेश नाही. "तापल्या तव्यावर दूध ओततं का कुणी?" गुरू समजावायचे. "आधी शरीर निवू दे, मग अर्क." मला तेव्हा हा नियम नुसताच चमत्कारिक वाटला. संसर्गाची काळजी घेत असतील, असंही वाटलं. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या मूर्खपणाला कारण शोधून द्यायची सवय असते.

मी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या सकाळी वॉर्ड बघायच्या आणि दुपारी वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत झाडपाल्याचे अर्क याच परजीवीवर तपासायच्या. मी आवेशाने सांगितलं, की तो माणूस हातचलाखी करतो.

"हातचलाखी कशाला करेल?" त्या म्हणाल्या. "ते खरंच मरतात. माझ्याकडेही मरतात. रोज."

"म्हणजे औषध आहे?"

"पाला कशात भिजवतात ते विचारलंत का? स्पिरिटमध्ये. आम्ही प्रत्येक अर्काच्या शेजारी एक कोरा थेंब ठेवतो. तेच स्पिरिट, तेवढंच, पाला नाही. कोऱ्या थेंबानेही मेले, तर पाल्याला श्रेय नाही. बरेचसे चमत्कार तिथेच संपतात."

"आणि उरतात ते?"

"त्यातले बहुतेक आपल्या पेशीही मारतात. मग उरलेल्यांतलं पोटातून रक्तात काय पोचतं ते बघायचं, मग उंदीर, मग खूप नंतर माणूस. झाडांशी माझं भांडण नाही हो. हिवतापावरचं औषध सालीतून आलंय. पण सालीत नेमकं काय आहे आणि किती दिलं की रोगी मरत नाही, हे कुणीतरी शोधलं म्हणून ते औषध झालं."

पुढच्या सभेला त्या माझ्याबरोबर आल्या. पर्समध्ये स्पिरिटची छोटी बाटली होती. गुरूंनी पडदा हिरवा केला, टाळ्या झाल्या, आणि बाई उठून मंचाशी गेल्या. "तुमचीच काच, तुमचेच परजीवी. मी फक्त एक थेंब टाकते. चालेल?"

नाही म्हणायला गुरूंना जागा नव्हती. नवी काच ठेवली गेली. बाईंनी कोऱ्या स्पिरिटचा थेंब सोडला. पडद्यावरचे सगळे आक्रसले आणि थांबले. मग त्यांनी हात धुण्याच्या बेसिनवरचा पातळ साबण वाटीत मागवला, पाण्यात कालवला आणि तिसऱ्या काचेवर टाकला. या वेळी तर शत्रू फुटून गेला.

"काचेवर यांना काहीही मारतं," बाई म्हणाल्या. "तुमच्या शरीरात हे असे पोहत नाहीत. तिथे यांना अशी शेपटी नसते. तुमच्याच पेशीच्या आत, प्लीहेत, हाडांच्या मज्जेत लपून बसतात. भाडेकरू काढायचा आणि घर जाळायचं नाही, असं हे काम आहे. या थेंबाने ते होतं, हे यांनी कधी तपासलं?"

मला वाटलं, संपलं. मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले.

"बाई, मग साबण किती प्यायचा? जेवणाआधी की नंतर?"

"साबण प्यायचा नाही."

"मग स्पिरिटच चालेल," कुणीतरी म्हणालं आणि त्याच्या बायकोने त्याला खाली बसवलं.

अर्कगुरू मुरलेले होते. त्यांनी हात जोडले. "मंडळी, आज विज्ञानाने आपल्या मंचावर येऊन मान्य केलं, की आपला थेंब मारतो. बाईंसाठी टाळ्या."

टाळ्या मोठ्या झाल्या. धाकट्यानेही वाजवल्या.

"तुझ्या डॉक्टरीणबाई साबणवाल्या निघाल्या," तो बाहेर आल्यावर म्हणाला.

"तुझा ताप सलाइनने उतरलाय. अर्क घेण्याआधी उतरलाय. एवढं तरी दिसतंय ना?"

"उतरला तेव्हा उतरला. आता चढू कोण देत नाहीये?"

काही आठवडे कुणीच चढू दिला नाही. तो छापखान्यात जाऊ लागला, बायकोने विजारींचे टाके उसवले. मग एका दुपारी तो यंत्राशेजारी कागदाच्या गठ्ठ्यावर बसला आणि उठेना. ताप आला होता. बायको त्याला घेऊन थेट अर्कगुरूंकडे गेली, कारण औषध त्यांचं चालू होतं.

दारातल्या बाईने थर्मामीटर लावला आणि मान हलवली.

"अहो, हे तुमचेच पेशंट आहेत," माझी भावजय म्हणाली.

"ताप आहे ना. नियम आहे. इस्पितळात जा, ताप उतरवून घ्या, मग या."

भावजयीने गुरूंना हाक मारली. ते आतून म्हणाले, "ताई, श्रद्धा ठेवा," आणि दार लागलं.

इस्पितळात पुन्हा औषध सुरू केलं. पण रक्त आटलं होतं, छातीत जंतू शिरले होते आणि हिरड्यांतून रक्त यायचं थांबत नव्हतं. अर्धवट सोडलेला परजीवी उरतो, वाढतो आणि पुन्हा येतो, तोवर शरीराकडे लढायला काही उरत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. धाकट्याने मला विचारलं, "दादा, नर्सला पांघरूण सांग ना." मी सांगितलं. तिने लगेच आणून दिलं. तो त्याच खिडकीच्या खाटेवर गेला.

आठवड्याभरात अर्कगुरूंनी मंचावरून ही गोष्ट सांगितली. "माझ्याकडे चालत आला होता, कामावर जात होता. इस्पितळात गेला आणि मेला. माझ्याकडे आजवर एकही माणूस मेलेला नाही."

यातला शब्द न् शब्द खरा आहे, आणि चमत्काराचा सांगाडा हाच आहे. पडद्यावरचा खेळ गर्दीसाठी. खरं काम दारातला थर्मामीटर करतो. इस्पितळाच्या औषधाने ज्याचा ताप उतरलाय, त्यालाच आत घ्यायचं. मग बरं वाटण्याचं श्रेय अर्काला. ताप उलटला की बाहेर काढायचं. मग मरण्याचा दोष इस्पितळाला. या दारातून आत गेलेला माणूस बरा असतो, कारण फक्त बरा माणूसच आत जातो. पाल्याच्या जागी खडीसाखर ठेवली तरी हिशेब तोच येईल.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. कुणी कितीजण बरे केले ते सांगू लागला, तर दारातून परत कुणाला पाठवलं ते विचारा. औषधाविना काय झालं असतं, तेही विचारा. इस्पितळातल्यांनीही दोन मिनिटं रोग्याचा हात धरावा. त्याला स्पिरिट लागत नाही. आणि तुमच्या घरात कुणी बरं वाटतंय म्हणून औषध अर्ध्यावर सोडलं असेल, तर हे वाचून झाल्यावर उठा आणि त्याला ओढत घेऊन जा. तो रागावेल, चार दिवस बोलणार नाही. रागावू द्या. रागवायला माणूस जिवंत लागतो.